मंगळावरची एकादशी

सोलापूर

प्रिय लेखकमित्रा,

अनेक आशीर्वाद.

मंगळवसाहतीवरील तुझी कथा वाचली. यंत्रांचे तपशील चोख आहेत. परंतु यानाने पृथ्वी सोडताच साऱ्या पात्रांची श्रद्धा गळून पडते, हे मला पटले नाही. १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यानंतर बझ ऑल्ड्रिन यांनी यानातच प्रभुभोजनाचा ख्रिस्ती विधी केला होता. २००७ मध्ये मलेशियाचे अंतराळवीर शेख मुझफ्फर शुकोर अंतराळस्थानकावर निघाले, तेव्हा तेथे दीड तासाला एक सूर्योदय होत असल्याने नमाजाच्या वेळा उड्डाणस्थळाच्या घड्याळाप्रमाणे पाळाव्यात, असे मलेशियातील धर्मपंडितांनी ठरवून दिले. ईश्वर आहे की नाही, हा वाद पुढचा. आधी अडते ते वेळेपाशी.

म्हणून तू पंचांगापासून सुरुवात कर. सूर्य व चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की तिथी बदलते. मंगळाचा उपग्रह फोबोस सुमारे ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. त्याच्यावरून तिथी मोजल्यास एकादशी जेमतेम पाव तासात सरेल. (यावर विनोद करण्याचा मोह होईल, एका वाक्यावर भागव.) मकरसंक्रांतही पृथ्वीच्या ६८७ दिवसांनी एकदाच येईल, कारण तेथील वर्षच तेवढे आहे. साहजिकच पहिली पिढी पृथ्वीचे पंचांग मागवून पाळेल.

तिथीचे असे भागेल, स्थळाचे भागणार नाही. संक्रांतीला भरणाऱ्या आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतील उंच मानाच्या काठ्या, ज्या ६८ लिंगांना जातात, ती ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी याच गावाभोवती स्थापिली, अशी परंपरा आहे. वसाहतीतील सोलापूरकर घुमटाखाली तशीच ६८ स्थाने आखतील, आणि तेथे जन्मलेल्या मुलांना तीच मूळ वाटतील. सोलापूर त्यांच्या लेखी केवळ आजीच्या गोष्टींत उरेल. श्रद्धेला खरे वळण लागते ते येथे, आणि तुझ्या कथेत नेमकी हीच पिढी नाही.

पुरोहिताचे लांबलचक भाषण काढून टाक. त्याऐवजी होमप्रदीपनाचा, म्हणजे यात्रेत होम पेटवण्याच्या विधीचा, प्रसंग लिही: बंदिस्त वसाहतीत अग्नी पेटवायचा, तर प्राणवायू मोजून देणाऱ्या तंत्रज्ञाची अनुमती लागेल, आणि काही वर्षांत मानाचा पहिला विडा त्यालाच द्यावा लागेल. तो तंत्रज्ञ नास्तिक असला, तर अधिकच उत्तम. सुधारित खर्डा संक्रांतीपूर्वी पाठव. यात्रेच्या गर्दीत मला वाचन जमत नाही.

तुझा,
एक जुना वाचक