‘आठ इंचां’ची हमी आणि पोटावरचा डाग

प्रश्न : मी गोरेगावला राहते, वय 43, शाळेत शिक्षिका आहे. लिंक रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये ‘बॉडी कॉन्टूरिंग’चं पॅकेज घेतलं : मसल स्टिम्युलेशन, लेझर फॅट रिडक्शन आणि लिम्फॅटिक ड्रेनेज, मिळून 12 सिटिंग, 1,44,000 रुपये. 24,000 रोख दिले, बाकीच्या 1,20,000 चं त्यांनीच टॅबवर कर्ज करून दिलं, महिना 10,000 प्रमाणे 12 हप्ते. ‘आठ इंच कमी होणारच’ असं तिथल्या काउन्सेलरने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं. पाचव्या सिटिंगला लेझरने पोटावर डाव्या बाजूला भाजलं, फोड आला, आता काळा डाग आहे. माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या, ‘तांबी बसवलेली असताना ते मसलचं मशीन लावलंच कसं?’ मला तिथे तसं कुणी विचारलंच नव्हतं. पैसे मागितले तर ‘पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे, त्याबदल्यात स्किन ट्रीटमेंट घ्या’ म्हणतात. वर माझ्या पोटाचा ‘बिफोर-आफ्टर’ फोटो त्यांच्या इन्स्टाग्रामवर आहे, चेहरा नाही पण तीळ ओळखू येतो. चार हप्ते गेले. पोट काही कमी झालं नाही, हे कोर्टात सिद्ध कसं करू? हप्ते थांबवू का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, शेवटून तिसरा प्रश्न आधी घेते, कारण बहुतेक जणी तिथेच फसतात. पोट कमी झालं नाही, हे सिद्ध करायला जाऊच नका. त्या मैदानात तुम्ही उतरलात की समोरचे वकील विचारणार, डाएट चार्ट पाळला का, रोज चाललात का, गणपतीत मोदक किती खाल्ले. आणि तुम्ही सही केलेल्या फॉर्मवर कुठेतरी बारीक अक्षरात ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात’ हे असतंच. तुमची केस आहे ती तुम्हाला काय सांगितलं, काय विचारलं नाही आणि पैसे कशाचे घेतले यावर. यातलं प्रत्येक कागदावर सापडतं. इंच सापडत नाहीत.

इंचांचा मात्र एक उपयोग आहे. मी डॉक्टर नाही, पण असे खटले चालवायचे तर थोडं शिकावं लागतं. लेझर त्वचेवरून आत उष्णता पोचवतं आणि चरबीच्या पेशींना इजा करतं. त्या पेशी शरीर हळूहळू बाहेर टाकतं, त्याला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. लिम्फॅटिक ड्रेनेज म्हणजे साचलेलं पाणी पुढे सरकवणारा दाब. चरबी त्याने जात नाही, सूज तात्पुरती उतरते. म्हणजे सिटिंग संपल्या संपल्या टेप लावून ‘बघा, दीड इंच गेला’ म्हणतात, तेव्हा गेलेलं असतं ते पाणी, किंवा टेप जरा ओढून धरलेली असते. तुमच्याकडे त्यांनी दिलेलं मापांचं कार्ड असेल तर प्रत्येक सिटिंगच्या ‘आधी’चे आकडे एकाखाली एक लिहा. ‘नंतर’चे सोडून द्या. हा कागद तक्रारीला जोडायचा आहे, पण तो ‘मी बारीक झाले नाही’ यासाठी नाही, तर ‘मला खोटा हिशेब दाखवला’ यासाठी.

आता फॉर्म. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोत तुमचं वजन 74 किलो आणि उंची 155 सेंटिमीटर लिहिलेली दिसते. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. हिशेब करा : बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 30.8. क्लिनिकच्या माहितीपत्रकावर ‘यूएस एफडीए अ‍ॅप्रूव्ह्ड’ असं मोठ्या अक्षरात आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, 2015 मध्ये 1060 नॅनोमीटर तरंगलांबीच्या ज्या लेझर यंत्राला पोट आणि कमरेच्या बाजूंसाठी मान्यता दिली, ती बीएमआय 30 किंवा त्याखाली असलेल्यांसाठी. आणि ती त्या कंपनीच्या त्या यंत्राला मिळाली, त्या जातीच्या प्रत्येक डब्याला नाही. तेव्हा नोटिशीत पहिला प्रश्न हाच : तुमच्याकडचं यंत्र कोणत्या कंपनीचं, मॉडेल कुठलं, अनुक्रमांक काय, आयात केलेलं असेल तर परवाना कुठे? भारतात 1 एप्रिल 2020 पासून वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली येतात, त्यामुळे हे विचारणं म्हणजे आगाऊपणा नाही. (मुंबईत ‘एफडीए’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बीकेसीतलं राज्याचं कार्यालय येतं. जाहिराती या गोंधळावर मजेत जगतात.)

तुमच्या केसचा कणा तांबी आहे, आणि तुम्ही ती पत्राच्या मधोमध एका वाक्यात उरकलीत! स्नायूंवर चालणारं यंत्र विद्युतचुंबकीय असेल तर पोटाच्या आसपास धातूचं काही बसवलेलं असताना ते वापरू नये, असं उत्पादकाच्या सूचनापत्रकातच असतं. पेसमेकर, गर्भारपण या गोष्टीही तिथेच येतात. म्हणजे प्रश्न विचारणं हे त्यांचं पहिलं काम होतं. संमतीचा फॉर्म टॅबवर ‘साइन हिअर’ करून घेतला म्हणजे संमती झाली असं होत नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की संमती खरी ठरण्यासाठी रुग्णाला उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय पुरेसे समजावून सांगितलेले असले पाहिजेत. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तांबी कधी बसवली आणि सध्या जागेवर आहे की नाही, एवढं दोन ओळींत लिहून घ्या. ‘मशीन लावलंच कसं’ हे त्यांचं वाक्य त्यांना लिहायला लावू नका. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला बिचकतात, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

डागासाठी कूपर रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा. खासगी डॉक्टरचं प्रमाणपत्र चालतं, पण महापालिकेच्या रुग्णालयाच्या केसपेपरला वजन असतं. समोरच्याला ‘ओळखीच्या डॉक्टरकडून लिहून आणलं’ असं म्हणता येत नाही. केसपेपरवर कुठल्या तारखेला, कशाने भाजलं हे तुमच्या तोंडून सांगितलेलं लिहिलं गेलं पाहिजे. खिडकीपासून हलण्याआधी वाचून घ्या. फोड आला त्या दिवशीचे फोटो फोनमध्ये मूळ स्वरूपात ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपने फिरवलेले नकोत, त्यात तारखेचा तपशील पुसला जातो. काउन्सेलरबरोबरचं चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. ग्राहक आयोग काटेकोर साक्षीपुराव्यात फारसा अडकत नाही, तरी जोडा.

क्लिनिकच्या नावाखाली कुणी नोंदणीकृत डॉक्टर असेल तर त्यांच्याकडे तुमच्या उपचारांच्या नोंदी लेखी मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत त्या द्याव्या लागतात. बहुधा देणार नाहीत. न देणं हाही तुमचाच पुरावा.

आणि ते बिल! तुम्ही पाठवलेल्या बिलावर ‘मेडिकल ट्रीटमेंट पॅकेज’ लिहिलंय आणि जीएसटी शून्य. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, सौंदर्योपचारांना नाही. आता उद्या हेच लोक आयोगात सांगणार की ‘आम्ही वेलनेस सेंटर आहोत, वैद्यकीय सेवा देत नाही, निष्काळजीपणाचा प्रश्न कुठे येतो?’ तेव्हा हे बिल त्यांच्यापुढे सरकवायचं. कर भरताना दवाखाना आणि जबाबदारी घेताना पार्लर, असं दोन्हीकडून चालत नाही. तसं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे 1995 मध्येच इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने ठरून गेलंय. पार्लरची तर येतेच.

‘नॉन-रिफंडेबल’ला फार भिऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(47) मध्ये सदोष सेवा दिल्यावर ती बंद करून बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर 30 दिवसांत पैसे परत न करणं, हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. दिलेली माहिती खासगी विश्वासाने दिलेली असताना ती दुसऱ्यांसमोर उघड करणंही त्याच कलमात येतं, म्हणून तुमचा फोटो इथेच बसतो. त्या पोस्टचा स्क्रीनशॉट लिंकसकट आणि तारखेसकट आधी घ्या, मगच काढायला सांगा. उलट केलंत तर पुरावा जातो. इथे एक सापळा आहे. काही वकील उत्साहाने तक्रारीत ‘अन्याय्य करार रद्द करा’ अशी मागणी घालतात. कायद्यात अन्याय्य करार हा वेगळा विषय आहे आणि त्याची तक्रार जिल्हा आयोगात नाही, थेट राज्य आयोगात जाते. तो सीएसएमटीजवळ आहे, तुम्हाला तिथल्या फेऱ्या नकोत. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, या दोनच पायांवर तक्रार उभी करा.

तक्रार कुठे करायची, तर तुम्ही राहता तिथेच. 2019 च्या कायद्याने ही मोठी सोय केली. तुमचा आयोग म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोग, वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत. 50 लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात आणि तो आकडा तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरतो, मागितलेल्या भरपाईवर नाही. मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार भरता येते, वकील सक्तीचा नाही. हे मी वकील असून सांगते. मुदत दोन वर्षांची आहे, पण त्या भरवशावर बसू नका. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एकदा नोंद करून बघा. कधी कधी क्लिनिकचा मालक तेवढ्यानेच फोन करतो.

किती मागायचं? 1,44,000 भागिले 12, म्हणजे एक सिटिंग 12,000 चं. सात उरली, त्यांचे 84,000 तर कुठे जात नाहीत. झालेल्या पाचांचेही मागा, कारण तांबी असलेल्या बाईवर ते यंत्र लावायलाच नको होतं. पण ते पूर्ण मिळतील असं मी सांगणार नाही. डागाच्या उपचारांचा खर्च, मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च वेगळे. पन्नास लाखांचा आकडा टाकून तक्रार रंगवली की आयोगाच्या भुवया वर जातात, आणि खरी रक्कमही संशयात येते. व्याज दरसाल 9 टक्क्यांनी मागा. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय. वांद्र्याला तसं होत नाही, मनाची तयारी ठेवा. मात्र समोरच्याने 30 आणि वाढवून दिलेले 15, अशा 45 दिवसांत उत्तर दिलं नाही तर ते पुढे घेतलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये यावर पडदा टाकलाय. पंचेचाळिसाव्या दिवसानंतर मुद्दाम चौकशी करा.

हप्ते थांबवू नका. राग कळतो, पण कर्ज तुमच्या आणि वित्तकंपनीच्या मधलं आहे, क्लिनिक त्यात कागदावर नाही. हप्ता बुडला की तुमचा सिबिल बिघडतो, क्लिनिकचं काही जात नाही. त्याऐवजी वित्तकंपनीला आजच मेल करा : सेवा बंद पडली आहे, वाद चालू आहे, पुढचे हप्ते मी निषेध नोंदवून भरते आहे. कर्जाचा करार आणि सगळा खर्च एका जागी दाखवणारं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. टॅबवर केलेल्या कर्जात ते बऱ्याचदा ग्राहकाला नीट दिलेलंच नसतं. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फुकट. आयोगात वित्तकंपनीलाही सामनेवाले क्रमांक 2 करा आणि ग्राहक कायद्याच्या कलम 38(8) खाली हप्त्यांना अंतरिम स्थगिती मागा. ती मिळाली तरच थांबायचं.

पोलिसांचं म्हणाल, तर पैसे वसूल करणं हे त्यांचं काम नाही आणि ठाण्यात तुम्हाला ‘मॅडम, हे सिव्हिल आहे’ हेच ऐकायला मिळेल. लेझर चालवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, डॉक्टर तिथे हजरही नव्हते, हे तुम्हाला खात्रीने सांगता येत असेल, तर निष्काळजीपणाने इजा केल्याबद्दल लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तो दाबासाठी नको. खरं असेल तरच.

गूगलवर नवा रिव्ह्यू लिहू नका. जुना असेल तर काढूही नका.

नोटीस स्पीड पोस्टाने आणि मेलने, दोन्हीकडून पाठवा आणि 15 दिवस द्या. त्यानंतर त्यांचा फोन येईल. आयोगही मध्यस्थीला पाठवू शकतो, जायला हरकत नाही, पण ‘फुल अँड फायनल’च्या कागदावर सही चेक वटल्यावर. आणि त्या बदली दिलेल्या स्किन ट्रीटमेंटला अजिबात जाऊ नका. भाजलेल्या कातडीवर त्यांचा हात पुन्हा नको हे तर झालंच, पण रिसेप्शनवर परत एक टॅब पुढे येईल आणि त्यावर ‘सेवेबद्दल समाधानी आहे’ असं काहीतरी लिहिलेलं असेल.