एकच अलादीन, दोन गेम

प्रश्न : ‘अलादीन’ या जुन्या प्लॅटफॉर्म (उड्या मारत पुढे जायच्या) व्हिडिओ गेममध्ये नायकाच्या हाती तलवार होती, असे मला स्पष्ट आठवते; माझा भाऊ मात्र ती नव्हतीच, असे ठामपणे सांगतो. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही. डिस्नेच्या १९९२ मधील ‘अलादीन’ या अ‍ॅनिमेशनपटावर १९९३ मध्ये दोन स्वतंत्र गेम निघाले. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या गेम-यंत्रासाठीचा गेम व्हर्जिन कंपनीने तयार केला, तर सुपर निन्टेन्डो या दुसऱ्या गेम-यंत्रासाठीचा कॅपकॉम कंपनीने. पहिल्यात अलादीन तलवारही चालवतो आणि सफरचंदेही फेकतो. दुसऱ्यात तलवार नाही, तेथे शत्रूच्या डोक्यावर उडी मारावी लागते आणि सफरचंदाच्या माऱ्याने तो फार तर क्षणभर गांगरतो.

सेगाच्या गेमसाठी डिस्नेच्या चित्रकारांनी हालचालींची चित्रे कागदावर हाताने रेखाटली आणि ती नंतर संगणकात उतरवून घेण्यात आली, त्यामुळे नायकाच्या धावण्या-अडखळण्यात चित्रपटातली लवचीकता दिसते. केवळ देखणेपण पाहायचे, तर माझे मत त्यालाच. उड्या आणि झोके यांतली अचूकता मात्र कॅपकॉमच्या गेममध्ये अधिक जाणवते. त्याची रचना करणाऱ्या शिंजी मिकामी यांनीच पुढे १९९६ मध्ये ‘रेसिडेंट इव्हिल’ हा भयगेम दिग्दर्शित केला, हे सांगूनही खरे वाटत नाही.