सरपंचीण, सरपंचबाई आणि 'सरपंचपती'

विचारणा अशी आहे : बाई सरपंच असेल तर 'सरपंचीण' लिहावं का, आणि 'सरपंचपती' हा समास व्याकरणात बसतो का?

'सरपंचीण' नको. 'सर' फारसी, 'पंच' आपला. हे पदाचं नाव आहे आणि लिंगाचं काम क्रियापद करतं. 'सरपंच आले', 'सरपंच आल्या', झालं. शिवाय पदनामाला '-ईण' लागला की जुन्या वळणाने तो बायकोपण सांगतो. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. पाटीलकी तिची नव्हे. मतं घेऊन निवडून आलेल्या बाईला हा प्रत्यय कशाला? बोलताना 'सरपंचबाई' चालेल, कागदावर नुसतं 'सरपंच'.

'सरपंचपती'ची गंमत वेगळी. उत्तरेत सरपंचाला प्रधान, मुखिया म्हणतात; तिथे प्रधानपती, मुखियापती आहेत, त्यांचाच हा भाऊ. समास शुद्ध आहे, षष्ठी तत्पुरुष. पण सेनापती हा काही सेनेचा नवरा नव्हे, सेनेचा धनी. त्या चालीवर सरपंचपती म्हणजे सरपंचाचा धनी! २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या तेव्हा बाईला 'राष्ट्रपती' कसं म्हणायचं यावर केवढा खल झाला होता. हा 'पती' मात्र कुणाच्या कानाला खटकत नाही.

एकदा दाखल्यासाठी एका ग्रामपंचायतीत गेलो होतो. "सरपंच आहेत का?" शिपाई म्हणाला, "बाई घरी हायत. मालक हायत की आत." मालक, म्हणजे बाईंचे यजमान, खुर्चीत बसून शिक्का उमटवत होते.

बायकांच्या आरक्षणाचे विरोधक याच 'सरपंचपती' शब्दावर बोट ठेवतात. १९९३ पासून पंचायतींत किमान एक तृतीयांश, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा. आणि कारभार पतींचाच, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धवट वाटतं. पश्चिम बंगालमध्ये राखीव पंचायतींचा अभ्यास झाला, तिथे बायका प्रधान झाल्यावर पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला दिसला. सगळेच शिक्के मालक मारत नसणार. आणि 'सरपंच आल्या' हे वाक्य आज तालुक्यातालुक्यात सहज ऐकू येतं. 'मुख्यमंत्री आल्या' म्हणायची पाळी महाराष्ट्रावर अजून आलेली नाही, आणि तिथे आरक्षण नाही.

बातमीत नवऱ्याचा उल्लेख करायचाच असेल तर 'सरपंचांचे पती' असं तोडून लिहा. जोडलं की पदवी होते.