‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असा कोणी नव्हता

प्रश्न असा : एका लेखात ‘मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असा उल्लेख आहे, दुसऱ्या लेखात ‘गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन’. ही एकच व्यक्ती की दोन? ‘लॉर्ड’ नेमके कोणाच्या नावामागे लावायचे आणि मराठीत त्याला काय म्हणावे?

व्यक्ती दोन. नाते काका-पुतण्याचे. आणि प्रश्नात आलेली दोन्ही रूपे चुकीची आहेत, मात्र दोन्ही चुकांची कारणे वेगळी.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन म्हणजे पुण्याच्या दरबारातले इंग्रज रेसिडेंट. १८१७ साली खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरचा ज्यांचा बंगला जळाला, ते. पुढे १८१९ ते १८२७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या मोठ्या भावाचा मुलगा जॉन. हा १८३७ ते १८४२ मद्रासचा आणि १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर होता. या दोघांत लॉर्ड एकच, तो म्हणजे पुतण्या. काकांना ही पदवी आयुष्यभर मिळाली नाही. ‘सर’ही ते कधी नव्हते, त्यामुळे ‘सर माउंटस्टुअर्ट’ असे लिहून सुटका होत नाही.

पटत नसेल तर एक साधा हिशेब करून पाहा. बारावे लॉर्ड एल्फिन्स्टन १८१३ मध्ये वारले आणि १८०७ साली जन्मलेला त्यांचा मुलगा जॉन तेरावा लॉर्ड झाला. म्हणजे खडकीवर तोफा चालल्या त्या दिवशी ‘लॉर्ड एल्फिन्स्टन’ हे दहा वर्षांचे पोर होते, आणि काका गव्हर्नरच्या खुर्चीवर बसले तेव्हा बारा वर्षांचे. १८१९ च्या संदर्भात ‘लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी आज्ञा काढली’ असे लिहिणे म्हणजे ती आज्ञा त्या मुलाच्या नावावर घालणे. (काका-पुतण्या म्हटले की आपल्याला शनिवारवाडा आठवतो. इथे तसे काही घडले नाही.)

ही चूक मराठी माणसाकडूनच जास्त का होते, याचे कारण आपल्या वतनाच्या कल्पनेत आहे. आपल्याकडे वतन भावाभावांत वाटले जाई, त्याच्या तक्षिमा म्हणजे हिस्से पडत, आणि मान सगळ्या भाऊबंदांकडे थोडाथोडा जाई. सरदार घराण्यात जन्मलेल्या प्रत्येकाला लोक ‘सरदार’ म्हणतात. तेव्हा लॉर्डाच्या घरचा तो लॉर्ड, असे आपण नकळत धरून चालतो. ब्रिटिश पदवीची तक्षीम पडत नाही. एका वेळी एकच धनी. सर्वसाधारणपणे थोरल्या मुलाकडे, तो नसेल तर त्याच्या मुलाकडे, ती शाखा संपली तर दुसऱ्या भावाच्या शाखेकडे. बाकीचे भाऊ कायद्याने सामान्य प्रजाजन. माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डांचे चौथे चिरंजीव. त्यांच्या वाट्याला फक्त ‘ऑनरेबल’ हे उपपद आले. १८१५ साली काबूलच्या राज्यावरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्यावर लेखकाचे नाव ‘ऑनरेबल माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असेच छापलेले आहे.

या ‘ऑनरेबल’चे मराठी काय? इंग्रजी अमदानीत त्याला ‘नामदार’ म्हणत. नामदार गोखले हे आपल्या तोंडात बसलेले आहे. पण गोखल्यांचे नामदारपण कौन्सिलच्या सभासदत्वातून आले आणि आजच्या मंत्र्यांच्या नावाआधीचे ‘ना.’ मंत्रिपदातून येते. माउंटस्टुअर्टांचे मात्र जन्मातून आले. ‘नामदार एल्फिन्स्टन’ लिहिले तर वाचकाला ते पद वाटेल. त्यांच्यापुरते मी उपपद गाळून नुसते ‘माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ लिहावे असे सुचवेन. जुन्या धाटणीचे लेखन असेल तर ‘एल्फिन्स्टनसाहेब’ उत्तम, कारण साहेब व्हायला कुठली सनद लागत नाही.

आता दुसरी चूक, ‘लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन’. माणूस बरोबर आहे, पण शब्दांचा क्रम चुकला आहे. इंग्रजी रिवाजात ‘लॉर्ड’ दोन वेगळ्या ठिकाणी बसतो आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

पदवीच्या नावाला चिकटला तर तो खरा पदवीधर उमराव. लॉर्ड डलहौसी, लॉर्ड फॉकलंड, लॉर्ड एल्फिन्स्टन. त्यातला दर्जा बॅरन असो, व्हायकाउंट असो, अर्ल असो की मार्क्विस, बोलताना-लिहिताना सगळ्यांना ‘लॉर्ड’ चालतो. फक्त ड्यूकला चालत नाही, तो ड्यूकच. मुंबईहून पहिली आगगाडी सुटली तेव्हाचे गव्हर्नर फॉकलंड हे दर्जाने व्हायकाउंट होते, पण ‘लॉर्ड फॉकलंड’ बिनचूक.

‘लॉर्ड’ पाळण्यातल्या नावाला चिकटला, तर तो ड्यूकचा किंवा मार्क्विसचा धाकटा मुलगा. हा केवळ सौजन्याचा मान, त्याला उमरावांच्या सभेत जागा नाही. आपल्या ओळखीचे उदाहरण म्हणजे लॉर्ड विल्यम बेंटिंक. ते पोर्टलंडच्या तिसऱ्या ड्यूकचे दुसरे चिरंजीव होते आणि हिंदुस्थानातून परतल्यावर कॉमन्स सभेत निवडून गेले. म्हणून ‘लॉर्ड विल्यम’ किंवा ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ बरोबर. आपल्या पाठ्यपुस्तकी वळणाचे ‘लॉर्ड बेंटिंक’ चूक, कारण त्याचा अर्थ ‘बेंटिंक नावाच्या पदवीचा धनी’ असा होतो. उलट ‘लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन’ म्हटले की इंग्रज वाचकाला वाटणार, हा कुठल्यातरी ड्यूकचा धाकटा. पुतण्याचे नाव पूर्ण द्यायचे असेल तर ‘जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन’ असे द्यावे.

क्रमांकाचेही असेच. राजाचा क्रमांक त्याच्या नावाचा असतो : पाचवा जॉर्ज म्हणजे जॉर्ज नावाचा पाचवा राजा. उमरावाचा क्रमांक पदवीचा असतो : तेरावे लॉर्ड म्हणजे त्या पदवीचा तेरावा धनी, मग त्याचे नाव जॉन असो की अलेक्झांडर. ‘तेरावा जॉन एल्फिन्स्टन’ लिहिले तर घराण्यात आधी बारा जॉन होऊन गेले असे होते.

एल्फिन्स्टनांच्या बाबतीत सगळा घोळ वाढतो तो पदवी आणि आडनाव एकच असल्यामुळे. डलहौसींचे आडनाव रॅमझे, फॉकलंडचे केरी, मुंबईचे १८८५ ते १८९० मधले गव्हर्नर लॉर्ड रे यांचे मॅकाय. अशा ठिकाणी पदवी वेगळी दिसते. डलहौसींच्या भावाला कोणी ‘डलहौसी’ म्हणणार नाही. एल्फिन्स्टनांत मात्र लॉर्डही एल्फिन्स्टन आणि बिनपदवीचा काकाही एल्फिन्स्टन.

आणि हे दोघेच असते तरी चालले असते! तिसरे म्हणजे जनरल विल्यम जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टांचे चुलत भाऊ. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना इंग्रजी फौजेची धूळधाण झाली, तिचे सेनापती हे. माउंटस्टुअर्टही १८०८-०९ मध्ये काबूलच्या शहाकडे वकिलातीवर गेले होते (भेट झाली ती पेशावरला), त्यामुळे ‘एल्फिन्स्टन’ आणि ‘काबूल’ हे दोन शब्द एकत्र दिसले की नीट पाहून घ्यावे. या जनरलचे वडील विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन कंपनीचे डायरेक्टर होते, आणि दुसरे एक काका अॅडमिरल जॉर्ज. अॅडमिरल स्वतःच्या कर्तबगारीवर उमराव झाले, पण त्यांनी पदवीचे नाव घेतले ‘कीथ’. तेव्हा ते जन्माने एल्फिन्स्टन, पण ‘लॉर्ड कीथ’.

मूळ पदवी स्कॉटलंडची. राजा चौथा जेम्स याने १५१० मध्ये अलेक्झांडर एल्फिन्स्टन याला ती दिली. पहिला लॉर्ड तीनच वर्षांनी फ्लॉडनच्या रणात राजाबरोबर पडला, दुसरा १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत. स्कॉटिश असल्यामुळे एक बारीक भेद पाळावा लागतो. इंग्लंडात उमरावांची सर्वांत खालची पायरी ‘बॅरन’. स्कॉटलंडात मात्र ‘बॅरन’ हा एका प्रकारचा जमीनदार. तिथल्या उमरावांच्या सर्वांत खालच्या पायरीला ‘लॉर्ड ऑफ पार्लमेंट’ म्हणतात. म्हणून ‘तेरावे बॅरन एल्फिन्स्टन’ लिहू नये, ‘तेरावे लॉर्ड’च लिहावे.

याला पुरवणी अशी की १७०७ च्या एकीकरणानंतर सगळ्या स्कॉटिश उमरावांना लंडनच्या सभेत बसता येत नसे. त्यांनी आपल्यातून १६ प्रतिनिधी निवडायचे. तेराव्या लॉर्डांना १८५७ च्या काळातील मुंबईच्या कारभाराबद्दल १८५९ मध्ये वेगळी, ब्रिटनची बॅरन ही पदवी मिळाली आणि ती अडचण दूर झाली. पण ते अविवाहित होते. १८६० मध्ये ते वारले आणि ही नवी पदवी त्यांच्याबरोबरच संपली. जुनी स्कॉटिश पदवी मात्र चुलत भावाकडे गेली. पंधराव्या लॉर्डांना १८८५ मध्ये पुन्हा बॅरनपद मिळाले. म्हणजे ‘एल्फिन्स्टन पदवी १८६० मध्ये नष्ट झाली’ हे विधान अर्धेच खरे आहे.

मुंबईतल्या नावांची वाटणी अशी. एल्फिन्स्टन कॉलेज काकांचे : १८२७ साली ते जायला निघाले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने निधी जमवला, त्यात त्याचे मूळ आहे. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, जे २०१८ पासून प्रभादेवी झाले, ते पुतण्याचे. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आताचे हॉर्निमन सर्कल, तेही पुतण्याचे. कॉलेजाला ‘लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या नावाचे’ म्हटले की चूक, स्टेशनाला ‘माउंटस्टुअर्ट यांच्या नावाचे’ म्हटले की चूक. दुसरी जास्त आढळते.

गव्हर्नर झाला की आपोआप लॉर्ड होतो, ही समजूतही खरी नाही. सर जॉन माल्कम, सर बार्टल फ्रिअर हे गव्हर्नर होते, लॉर्ड नव्हते. काहींना पदवी नंतर मिळाली : १९०७ ते १९१३ मधले गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, त्यांचेच १९१३ मध्ये लॉर्ड सिडनहॅम झाले. सिडनहॅम कॉलेज ते हेच. १९०८ च्या एखाद्या घटनेबद्दल ‘गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम’ लिहायचे तर ‘पुढे लॉर्ड सिडनहॅम झालेले’ असे शब्द घालावेत. ‘सर’चा नियम मात्र सोपा : तो नेहमी पाळण्यातल्या नावाला लागतो. ‘सर बार्टल’ चालेल, ‘सर फ्रिअर’ कधीच नाही.

या समजुतीचे मूळ बहुधा आपल्याच एका शब्दात आहे. ‘लॉर्ड’चा हिंदुस्थानी अपभ्रंश ‘लाट’. गव्हर्नर किंवा गव्हर्नर जनरल म्हणजे लाटसाहेब, सरसेनापती म्हणजे जंगी लाट. इथे लाट हे हुद्द्याचे नाव झाले, पदवी असो वा नसो. त्या अर्थाने माउंटस्टुअर्ट लाटसाहेब होतेच, लॉर्ड मात्र नव्हते. साहेब गेला आणि शब्द टोमण्यापुरता उरला : ‘स्वतःचे ताट उचलायला काय लाटसाहेब लागून गेलास?’

प्रतिशब्दाबद्दल. सामान्य अर्थाने ‘उमराव’ चांगला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सला ‘उमरावांची सभा’ वाचकाला लगेच कळते. पण नावाआधी ‘उमराव एल्फिन्स्टन’ लिहू नये, तिथे ‘लॉर्ड’च हवा. ‘सरदार’ मी टाळेन, त्याला लष्करी चाकरीचा आणि पागेचा वास आहे. गंमत म्हणजे मूळ इंग्रजी शब्दात तलवार नाहीच. जुन्या इंग्रजीत तो ‘भाकरीचा राखणदार’ अशा अर्थाचा जोडशब्द होता, आणि ‘लेडी’ म्हणजे पीठ मळणारी. आपला ‘पोशिंदा’ त्याच्या फार जवळ जातो.

उच्चाराचे एक. शेवटी ‘स्टोन’ नाही, ‘स्टन’. ग्लॅडस्टनसारखेच. स्टेशनाला मुंबईकर ‘एल्फिस्टन’ म्हणत, तो बोलीतला सोयीचा उच्चार. लेखनात ‘न्स्ट’ ठेवावे.

माउंटस्टुअर्ट १८५९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडात वारले, तेव्हा पुतण्या मुंबईत गव्हर्नर होता. तो १८६० मध्ये गेला. त्याच्यानंतरचे चौदावे लॉर्ड १८६१ च्या आरंभीच निपुत्रिक वारले आणि पदवी मागच्या पिढीतल्या त्या कंपनी-डायरेक्टरांच्या वंशात गेली, कारण अकराव्या लॉर्डांच्या मुलांपैकी कोणाचाच पुरुषवंश उरला नव्हता. माउंटस्टुअर्ट आणखी सव्वा वर्ष जगते, तर एक्क्याऐंशीव्या वर्षी ते खरोखरच लॉर्ड एल्फिन्स्टन झाले असते. १९९४ पासूनचे एकोणिसावे लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे मधले नाव माउंटस्टुअर्ट आहे. त्यांनाही ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ म्हणता येत नाही.