स्वस्तातला अँगल ग्राइंडर घ्यावा का?

प्रश्न : घरच्या घरी लोखंडी पट्ट्या कापायच्या, वेल्डिंग घासायचं, एवढंच काम आहे. स्वस्तातला ग्राइंडर चालेल का?

उत्तर : चालेल. माझा पहिला ग्राइंडरही स्वस्तातलाच होता, आणि कार्बन ब्रश (मोटरला वीज पोहोचवणारे, झिजणारे कार्बनचे छोटे ठोकळे) बदलत मी तो बरीच वर्षं वापरला. ब्रश बाहेरून, झाकणाचा स्क्रू काढून बदलता येतात का, हे घेतानाच बघा. सलग रेटू नका. मशीनचं अंग तापलं की काही मिनिटं मोकळा फिरू द्या, मग बंद करा.

पैसे वाचवायचे ते मशीनवर, त्याला लावायच्या कापायच्या-घासायच्या चकतीवर नाही. १२५ मिमीची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते, तेव्हा तिची कड सेकंदाला सुमारे ७२ मीटर धावते. तुकडा उडाला तर तो त्याच वेगाने येतो. म्हणून चकतीवर छापलेला कमाल वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नको. मधल्या धातूच्या कडीवर मुदतीची तारीख असते, तीही वाचा. कापायच्या पातळ चकतीने बाजूने घासू नका.

एकदा चकती अडकून माझ्या हातातून मशीन उसळलं. गार्ड (चकतीवरचं संरक्षक झाकण) होता म्हणून मनगट वाचलं. मोठी चकती बसवायला गार्ड काढणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं कधीही करू नका. बाजूची मूठ लावा, सुरक्षा चष्म्यावर फेसशील्ड घाला, आणि सुती हातमोज्यांपेक्षा घट्ट बसणारे चामड्याचे घ्या. बटण सोडल्यावर बंद होणारं, म्हणजे पॅडल स्विचचं मशीन मिळालं तर तेच निवडा.