आधी मेलेल्या माणसाचं नाव शोध

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही वाचून काढली. आजोळच्या त्या खुनाबद्दल गावातून बरंच काही गोळा केलंस. कोणी मारलं असेल याची नावं तर अर्धा डझन. आणि जो मेला त्याचं? पानोपानी नुसतं ‘सालदार’, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. नाव नाही, बापाचं नाव नाही, गाव नाही. गावानं त्याला जसं विसरून टाकलं तसंच तू उतरवून घेतलंस. तेव्हा मारेकरी सध्या बाजूला ठेव. नाव आणि तारीख या दोन गोष्टी हाताशी नसतील तर कुठल्याच कचेरीत कोणी तुझ्यासाठी दप्तर सोडणार नाही.

तारखेचं बघू. ‘दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं लोक म्हणाले आणि तू १९७२ लिहून मोकळी झालीस. म्हाताऱ्या माणसांच्या हिशेबात दुष्काळाचं साल फार लांबरुंद असतं, मागचीपुढची चारपाच वर्षं त्यात सहज मावतात. सण मात्र सहसा चुकत नाही. म्हणून साल विचारूच नकोस. तुकडोजी महाराज गेले त्याच्या आधी की नंतर, असं विचार (महाराज गेले ११ ऑक्टोबर १९६८ ला). रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळत होती का? आणीबाणी लागली होती का? बायांना विचार, तेव्हा तुमचं कोणतं लेकरू पाळण्यात होतं. त्या लेकराच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख सापडेल. ती १ जून असेल तर मात्र गुरुजींनी अंदाजे टाकलेली समज. साल पक्कं झालं की पोळ्याची तारीख जुन्या पंचांगात आहेच.

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात जा आणि कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, माग. लोक जात पडताळणीसाठी त्याच्या नकला काढतात, त्यामुळे तिथल्या बाबूला हे नवीन नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा लागू झाल्यानंतरच्या काळासाठी ग्रामपंचायतीचं नोंदणी पुस्तकही बघ. सालदार पाडव्याला ठरायचा आणि बरेचदा दुसऱ्या गावचा असायचा, म्हणून गावकऱ्यांना त्याचं घराणं ठाऊक नसणं नवलाचं नाही. पण मरण जिथं झालं तिथं नोंद व्हायला हवी.

आता पोलिसांचं. तू ठाणेदाराकडे ३०२ चा गुन्हा मागितलास आणि ‘असा गुन्हाच नाही’ हे उत्तर घेऊन परत आलीस. अगं, प्रेत विहिरीत सापडलं होतं ना? मग आधी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल झाला असणार. त्यावर पंचनामा, शवविच्छेदन, आणि घातपात दिसला तर पुढे गुन्हा. कित्येक प्रकरणं मर्गावरच थांबली. तेव्हा मर्गाचं रजिस्टर माग. शिवाय आज गाव ज्या ठाण्यात आहे त्याच ठाण्यात तेव्हा होतं का, हे आधी विचारून घे. जिल्ह्यांचंही तेच. गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात होतं, वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यात, गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात. आणि प्रकरण १९५६ च्या आधीचं निघालं तर आपण विदर्भवाले तेव्हा मध्य प्रदेशात होतो आणि नागपूरला स्वतंत्र हायकोर्ट होतं, हे ध्यानात ठेव.

माहितीच्या अधिकारात अर्ज कर, दहा रुपयांचा स्टँप लावून. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘संपूर्ण फाईल द्या’ असं लिहिलंस तर फाईल नाही म्हणून कळवतील आणि विषय संपेल. मर्ग रजिस्टरचा अमुक महिन्याचा उतारा माग. कागद नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत माग. वीस वर्षांहून जुन्या घटनेला त्या कायद्यातल्या माहिती नाकारायच्या बऱ्याच सवलती लागू होत नाहीत. कलम ८(३) वाचून जा, खिडकीतला माणूस वाचून आलेला नसतो.

‘केस दबली’ हे तुझ्या वहीत वारंवार येतं. त्याचे किमान दोन अर्थ निघतात आणि ते वेगळे ठेवलेच पाहिजेत. आरोपी सापडलाच नाही, तर पोलीस ‘अ समरी’, म्हणजे तपास बंद करायची मंजुरी, मागतात आणि तो कागद तालुक्याच्या कोर्टात जातो. आरोपी सापडला, साक्षीदार फितूर झाले आणि तो सुटला, तर निकाल जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात. दुसऱ्या प्रकारात खून ‘न उलगडलेला’ म्हणता येत नाही. कोर्टाने सोडलेल्या माणसाला तू तुझ्या लेखात पुन्हा उभं करशील, आणि त्याची नातवंडं त्याच गावात नांदत आहेत. मेलेल्या माणसाची बदनामीसुद्धा घरच्यांना दुखवायच्या हेतूनं केली तर गुन्हा ठरते. म्हणून संशयितांची नावं वहीतच राहू दे.

गुप्तधनाचं प्रकरण तर सरळ काढून टाक. परभणीकडच्या मानवतला गुप्तधनासाठी नरबळी गेले, त्या खुनांनंतर त्या काळातल्या कुठल्याही खुनाला लोक गुप्तधन चिकटवतात. धुऱ्याचं म्हणजे बांधाचं भांडण, मजुरीचे राहिलेले पैसे ही कारणं सांगायला रंगत नाहीत, पण माझा कल तिकडे. वावराचे जुने फेरफार काढून बघ, त्या एकदोन वर्षांत जमीन कोणाच्या नावावरून कोणाकडे गेली ते.

अजून एक. तुझ्या सगळ्या मुलाखती पारावरच्या आहेत, आणि पारावर कोण बसतं हे तुला सांगायला नको. सालदाराची वस्ती गावाच्या ज्या टोकाला होती तिथं एकदाही गेली नाहीस. मामाला सोबत नेऊ नकोस, त्याच्यासमोर कोणी तोंड उघडणार नाही. ‘कायले उकरून काढतं माय आता?’ असं म्हणतील. म्हणू दे. चहा पी, निघून ये, पुन्हा जा. चोरून रेकॉर्डिंग करू नकोस.

कोणी काही ठोस बोललं तर ते युट्यूबवर टाकायचं नाही. खुनाला मुदतीची आडकाठी नसते. लेखी टिपण करून पोलीस अधीक्षकांकडे द्यायचं आणि पोच घ्यायची.

मर्ग नंबर मिळाला की फोन कर. कोर्टाच्या नकलेचा अर्ज कसा लिहायचा ते तेव्हा सांगतो, त्याला नंबर लागतोच.

तुझा,
काका