लेझर मशीनसाठी एफडी मोडू का?

कोल्हापूरच्या एका ताईंचं तीन पानी पत्र आलंय. वय ४२. खासगी रुग्णालयात हिशेब विभागात नोकरी, हातात ३४,००० येतात. यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांचे ६१,०००. घरकर्जाचा हप्ता १८,२००, अजून नऊ वर्षं. एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक, ७,०००ची. घरखर्च ४८,०००. मुलगा अकरावी सायन्सला. बँकेत साडेचार लाखांची एफडी, ७ टक्क्यांची, संपायला चौदा महिने आहेत.

आठ वर्षांपासून त्यांना चित्रकलेचा नाद. आधी जलरंग, मग मंडला, मग लिप्पन (माती आणि आरशांचं काम), मग रेझिन (साच्यात ओतून घट्ट होणारी कृत्रिम राळ) आणि गेली दोन वर्षं वुडबर्निंग, म्हणजे तापलेल्या निबनं लाकडावर चित्र डागणं. घरांच्या नावाच्या पाट्यांना मागणी आहे. गेल्या वर्षी १,३८,०००ची विक्री झाली. आता त्यांना लाकूड कापणारं आणि त्यावर कोरणारं लेझर मशीन घ्यायचंय. मशीन २,६५,०००, शिवाय चिलर (मशीन थंड ठेवायला), एक्झॉस्ट, स्टॅबिलायझर, वायरिंग मिळून ४५,०००. एकूण ३,१०,०००. विचारलंय: "एफडी मोडू का? पैसे नुसते पडून आहेत."

ताई, पहिल्यांदा त्या 'पडून' शब्दाचं बघू. तुमचा घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ६६,२०० होतात. सहा महिन्यांचे ३,९७,२००. तुमची नोकरी खासगी, मुलगा दीड-दोन वर्षांत कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत. अशा घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावाच लागतो, आणि तुमच्याकडे तो असलाच तर याच एफडीत आहे. दुसरीकडे कुठे असल्याचं पत्रात दिसत नाही. म्हणजे हे पैसे पडून नाहीत, राखणीला बसलेत. साडेचार लाखांतून ३,९७,२०० वजा केले की ५२,८०० उरतात. तुमच्या कलेसाठी या एफडीत मोकळे असलेले पैसे तेवढेच. तीन लाख दहा हजार नव्हेत.

आणखी एक. उत्पन्नातून हप्ता, एसआयपी आणि घरखर्च गेला की महिन्याला २१,८०० उरायला हवेत. ते कुठे जातात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मुलाच्या क्लासला जात असतील तर ठीक. नसतील तर आधी ते शोधा, तुमचं निम्मं मशीन तिथेच सापडेल.

आता धंद्याचा हिशेब. १,३८,०००ची विक्री, ४१,०००चा माल, म्हणून ९७,००० नफा, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासता, म्हणून जरा हक्कानं बोलतो: स्वतःच्या वहीला तुम्ही फार सवलत दिलीत. सोबत जोडलेल्या वहीच्या पानांवरच कुरिअरचे ११,५०० आहेत, दिवाळीच्या दोन प्रदर्शनांतल्या स्टॉलचे ९,००० आहेत, निब आणि जळालेल्या बर्नरचे ६,२०० आहेत. हे धरले की खर्च ६७,७०० होतो आणि हाती ७०,३०० राहतात. आणि मागच्या पानावर वेगळ्या शाईत 'शिकण्याचा खर्च' म्हणून रेझिन, हार्डनर आणि साच्यांचे २३,००० लिहिलेत. तेही धरले तर ४७,३००.

तुम्ही तास लिहून ठेवता हे मात्र फार आवडलं, असं सहसा कुणी करत नाही. एका पाटीला नऊ तास. वर्षभरात ४६ पाट्या म्हणजे ४१४ तास, आणि कोस्टर, की-चेन, प्रदर्शनाची तयारी धरून एकूण ५६०. ७०,३०० भागिले ५६०, ताशी सव्वाशे रुपये. रेझिन धरलं तर साडेचौऱ्याऐंशी. नोकरीत महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे आठ तास धरले तर तुम्हाला ताशी १६३ मिळतात. छंदातून एवढं मिळणं वाईट अजिबात नाही. पण मशीन हे 'धंदा' म्हणून घ्यायचंय, म्हणून हा आकडा समोर हवा.

मशीन पाच वर्षं चालेल असं धरू. ३,१०,०००चे वर्षाला ६२,००० झिजले. एफडीतून काढलेल्या तेवढ्या रकमेवरचं व्याज गेलं, साधारण २१,७००. एफडी मुदतीआधी मोडली की बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात, शिवाय व्याज जितके दिवस ठेव राहिली तितक्या मुदतीच्या दरानं देतात, ते वेगळं. वीज आणि लेझर ट्यूबची तरतूद धरून वर्षाला ९०,००० समजू. तुमच्या कोटेशनमध्ये अगदी खाली बारीक अक्षरांत 'ट्यूबला वॉरंटी सहा महिने' असं आहे. काचेची ट्यूब ही बल्बसारखीच झिजणारी वस्तू, पाच वर्षांत ती बदलावी लागणारच असं धरून चाला. ते ९०,००० म्हणजे महिन्याला साडेसात हजार. लेझरची पाटी बाजारात ९००ला जाते असं तुम्हीच लिहिलंय. प्लाय, पॉलिश, खोकं, कुरिअर यांचे ३५० गेले की ५५० राहतात. मशीनचा खर्च नुसता भरून निघायला महिन्याला १४ पाट्या खपायला हव्यात, आणि त्यात तुमच्या कष्टाचा एक रुपया नाही. आज महिन्याला चारही जात नाहीत.

शिवाय ९००च्या पाटीला गिऱ्हाईक मिळेल, पण ते तुमचं गिऱ्हाईक नसेल. उद्यमनगरात आणि शहरात जॉबवर्क करणाऱ्यांकडे, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांचं काम करून देणाऱ्यांकडे, हीच मशिनं आहेत, याहून मोठी आहेत, आणि ती दिवसभर चालतात. तुम्ही संध्याकाळी सातनंतर त्यांच्याशी दरात स्पर्धा करणार का?

पत्रासोबत पन्हाळ्याच्या तीन दरवाजाच्या तुमच्या चित्राचा फोटो पाठवलात, तो मी मोठा करून बराच वेळ बघत होतो. कमानीच्या आतल्या अंधारात काळा रंग एकदम येत नाही. आधी चहासारखा, मग गुळासारखा, मग करपलेल्या भाकरीसारखा. एका ठिकाणी पाइन लाकडाची कडक रेघ आडवी आलीय, तिथे निब अडखळून रेषा तुटलीय, आणि तुम्ही ती तुटलेली रेषा दगडाची भेग म्हणून सोडून दिलीत. आभाळाला जलरंगाचा पातळ हात दिलाय. लोक तुम्हाला पाटीचे २,४०० देतात ते यासाठी. लेझरलाही छटा काढता येतात, पण तुटलेल्या रेषेची भेग करायची हे त्याला सुचत नाही.

म्हणून 'सतत नवीन माध्यमाच्या मागे लागते, पैसे वाया जातात' हे घरच्यांचं बोलणं मला अर्धंच पटतं. जलरंगांवर खर्च केला नसतात तर ते आभाळ आलं नसतं. फक्त तो खर्च आणि धंद्याचा खर्च एका वहीत नको. बँकेत एक वेगळं बचत खातं उघडा. पाट्यांचे पैसे तिथे येतील, लाकूड, निब, कुरिअर तिथूनच जाईल. नव्या माध्यमांसाठी, म्हणजे तुम्हाला करायचाय तो लिनोकट (लिनोलियम कोरून छपाई) आणि सिरॅमिकचा वर्ग, पगारातून महिन्याला १,५०० वेगळे ठेवा आणि त्यांचा हिशेब कुणाला देऊ नका. सिनेमा बघायला गेलो तर तिकिटाचे पैसे परत कधी मिळणार, असं कुणी विचारत नाही. मीही एकदा 'लग्नाच्या ऑर्डरी घेऊ' म्हणत ८५,०००चा कॅमेरा घेतला होता. आजवर त्यावर भाचीचं बारसं तेवढं निघालं. तो छंद म्हणून घेतला असता तर आज कपाट उघडताना एवढं बोचलं नसतं.

तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र एक ओळ आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच: "हल्ली अंगठ्यापासून मनगटापर्यंत रात्री ठणकतं." मशीन तुम्हाला जास्त पाट्यांसाठी नकोय, हाताला विश्रांती हवी म्हणून हवंय. तसं असेल तर तीन लाखांच्या आधी करायच्या स्वस्त गोष्टी पुष्कळ आहेत. पहिली, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, उद्याच. तुमच्या पगाराची नोकरीही कीबोर्डवरच चालते, हे विसरू नका.

दुसरी, बर्नर बदला. तुम्ही अजून सोल्डरिंग आयर्नसारखा जाड दांड्याचा बर्नर वापरता. त्यात पकड टोकापासून लांब राहते, म्हणून मनगटावर ताण येतो. तापमान कमी-जास्त करता येणारा, तारेच्या निबचा बर्नर घ्या. त्याचा पेन हलका असतो आणि पेन्सिलीसारखा टोकाजवळ धरता येतो. पाइनऐवजी वखारीतून शिवण किंवा दुसरं एकसारख्या पोताचं लाकूड आणा, जोर कमी लागेल. आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदानं दाबून केलेली फळी) किंवा प्लाय डागणं आजच बंद करा. त्यातल्या गोंदाचा धूर चांगला नाही, आणि तुमची जागा स्वयंपाकघरालगतची गॅलरी आहे. एक एक्झॉस्ट बसवा. बर्नर, एक्झॉस्ट, लाकडाचा साठा, सगळं २०,०००च्या आत बसेल. त्यासाठी एफडीला हात लावायचीही गरज नाही, दोन महिन्यांच्या शिलकीतून होईल.

तिसरी, दर वाढवा. आज ४६ पाट्या गुणिले २,४०० म्हणजे १,१०,४००. त्याऐवजी ३,२००नं ३० पाट्या केल्या तर ९६,०००. विक्री १४,४००नं घटली. पण १६ पाट्यांचा माल आणि कुरिअर वाचलं. पाटीमागे ७०० धरले तर ११,२०० झाले. म्हणजे वर्षाला ३,२०० रुपये कमी मिळतील आणि मनगटाचे १४४ तास वाचतील. एवढी स्वस्त विश्रांती दुसरी नाही. दर वाढवल्यावर काही लोक 'बघून सांगतो' म्हणतील आणि परत येणार नाहीत. नाही आले तर नाही आले, ३०च तर हवेत.

लेझरचा नाद सोडा असं म्हणत नाही. अक्षरं, चौकट, छिद्रं असली कंटाळवाणी कामं उद्यमनगरात जॉबवर्कला द्या, आणि चित्र तेवढं हातानं करा. तिथली बिलं जपून ठेवा. सलग सहा महिने ती बिलं महिन्याला साडेसात हजारांच्या वर गेली, तर मशीन स्वतःचं असायला हवं. तेव्हाही एफडी मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तेवढंच उचलायचं कर्ज, घ्या, साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, व्याज एफडीच्या दराहून एक-दोन टक्के जास्त आणि तेही वापरलेल्या रकमेवरच. किंवा छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतलं 'किशोर' गटाचं कर्ज आहे, ५०,००० ते ५ लाखांपर्यंतचं. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

मैत्रिणीनं सांगितलेली पीएम विश्वकर्मा योजना तुम्हाला लागू होणार नाही. ती १८ ठरावीक पारंपरिक कारागिरीच्या व्यवसायांसाठी आहे, आणि सरकारी नोकरीत असलेल्यांचं कुटुंब तिच्यातून वगळलेलं आहे. यजमान शिक्षक आहेत, त्यामुळे अर्ज भरण्यात वेळ घालवू नका.

कराचं फार टेन्शन नको. पगार आणि हे उत्पन्न मिळून नव्या करप्रणालीत तुम्हाला कर बसत नाही, पण रिटर्नमध्ये पाट्यांचं उत्पन्न व्यवसाय म्हणून दाखवा. उद्या कर्ज मागायला गेलात की बँक तेच कागद बघेल. मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे ४० लाखांची आहे, ती खूप लांब आहे. ऑनलाइन पोर्टलवरून राज्याबाहेर विकणार असाल तर मात्र त्याचे नियम वेगळे, आधी सीएला विचारा. आणि नोकरीच्या नेमणूकपत्रात 'दुसरा व्यवसाय करणार नाही' अशी अट आहे का, ते एकदा काढून वाचा.

शेवटी तुमची ती विनंती, रेझिनच्या २३,०००चं यजमानांना माहीत नाही, म्हणून आकडा छापू नका. ताई, तो काढला तर वरचा हिशेबच जुळत नाही. नाव छापलेलं नाही, पण तीन दरवाजाचं चित्र तुमच्याच हॉलमध्ये लावलंय म्हणता. अंक रविवारी सकाळी घरी येतो. शनिवारी रात्री जेवणं झाली की तुम्हीच सांगून टाका.